वारा, वजन आणि घरची मोटार



मोटारगाडीचा इतिहास म्हटला म्हणजे बेंझ, डेमलर, फोर्ड हीं नांवें प्रथम ओठांवर येतात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु या राजमार्गाच्या कडेनें एक पाऊलवाटहि गेलेली आहे. तिच्यावरून चालणाऱ्या माणसांजवळ भांडवल नव्हतें, मोठें एंजिन विकत घेण्याची ऐपत नव्हती. कोणाजवळ लहानशी कर्मशाळा होती, तर कोणाजवळ दुसऱ्याच्या घरामागची बंद खोली. 'अधिक शक्ति कोठून आणावी?' हा प्रश्न या लोकांना परवडण्यासारखा नव्हता. म्हणून त्यांनीं तो उलटा केला : 'कमी शक्तींत भागेल अशी गाडी कशी बांधावी?' या उलट्या प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

कथेपूर्वीं थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानें जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मुख्यतः मागें ओढतात. पहिली, चाकांचा रोध. तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणांत असतो; वजन निम्में केलें कीं तोहि जवळजवळ निम्मा होतो. शिवाय चढ चढतांना आणि थांबून पुन्हां निघतांना वजनाची किंमत वेगळी मोजावी लागते. दुसरी गोष्ट हवा. तिचा हिशेब अधिक कडक आहे. वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो. आणि तो चौपट रोध दुप्पट वेगानें सारावयाचा असल्यामुळें लागणारी शक्ति आठपट होते. ताशीं ४० किलोमीटर वेगाला हवा सारण्यास एक अश्वशक्ति लागत असेल, तर ८० ला आठ लागतील आणि १२० ला सत्तावीस. पावसाळ्यांत समोरून वारा सुटला असतां उघडी छत्री घेऊन चालणाऱ्या माणसाला हें गणित कोणीं शिकवावें लागत नाहीं. छत्री तीच, वजन तेंच. पण ती मिटली कीं वाट मोकळी होते.

आकाराविषयीं एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. वारा कापावयाचा म्हणजे गाडीचें तोंड भाल्यासारखें टोकदार हवें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक माशाकडे पाहा. त्याचें डोकें गोलसर असतें आणि शरीर मागें निमुळतें होत जातें. पुढें दुभंगलेली हवा मागें सावकाश, न फाटतां एकत्र आली पाहिजे. मागची बाजू एकदम तुटलेली असेल, तर तेथें हवेचे भोंवरे माजतात आणि तेच गाडीला मागें खेचतात. सारांश, वाऱ्याशीं सलोखा करावयाचा तो मुख्यतः शेपटीकडून.

हें ज्ञान प्रथम आलें तें आकाशांतून. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानें जर्मनीच्या विमाननिर्मितीवर बंधनें घातलीं आणि विमानें बांधणारे कुशल हात मोकळे पडले. त्यांपैकीं एडमुंड रुम्पलर यानें १९२१ च्या बर्लिन येथील मोटार-प्रदर्शनांत थेंबाच्या आकाराची गाडी मांडली. पुढें १९७९ मध्यें फोल्क्सवागेन कंपनीच्या वातबोगद्यांत तिची परीक्षा झाली, तेव्हां तिचा रोधांक केवळ ०.२८ भरला. हा अंक जितका लहान तितका आकार वाऱ्याला सोईचा. साठ वर्षांनंतरच्या बहुतेक गाड्यांनाहि तो गांठतां येत नव्हता. तरी गाडी खपली नाहीं. सुमारे शंभरच बांधल्या गेल्या. कांहीं बर्लिनमध्यें टॅक्सी म्हणून फिरल्या, आणि कांहीं तर 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या चित्रपटांत जाळून टाकण्यांत आल्या. रुम्पलरनें वाऱ्याचा विचार केला, वजनाचा केला नाहीं. तेराशें किलोहून अधिक भार वाहणारी ती गाडी गरिबाची नव्हती आणि श्रीमंताला ती विचित्र वाटली. त्याच सुमारास झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेल्या पॉल जराय यानेंहि प्रवाहानुकूल मोटारीचे आराखडे केले व त्यांचे हक्क नोंदविले. शास्त्र तयार होतें. तें स्वस्त आणि हलकें करणारा कोणी तरी हवा होता.

तो पॅरिसजवळच्या प्यूतो गांवीं निघाला. त्याचें नांव शार्ल मोशे. लहान, हलक्या मोटारी बांधण्याचा त्याचा बेताचा धंदा होता. त्याच्या जॉर्ज नांवाच्या मुलाला सायकल हवी होती. पण दोन चाकांवरून मुलगा पडेल अशी आईला धास्ती. तेव्हां बापानें त्याला चार चाकांची, पायडल मारून चालवावयाची छोटी गाडी करून दिली. तींत पाठ टेकून बसावयाचें आणि पाय पुढें करून पायडल मारावयाचें. गंमत अशी झाली कीं, जॉर्ज त्या गाडींतून आपल्या सायकलस्वार सोबत्यांना मागें टाकूं लागला. बापाच्या ध्यानांत आलें कीं, हें केवळ खेळणें नव्हे. त्यानें मोठ्या माणसांसाठीं शेजारीं शेजारीं दोन आसनांची, हलक्या अंगाची आणि सामानाला जागा असलेली पायगाडी बांधली व तिला 'व्हेलोकार' असें नांव दिलें. ज्याला मोटार परवडत नाहीं, पण कुटुंबासह आडोशाला बसून जावयाचें आहे, त्याच्यासाठीं ती होती.

ही चारचाकी सरळ रस्त्यावर वेगवान होती, परंतु वळणावर जोरांत नेली तर कलंडण्याचें भय असे. म्हणून मोशेनें जणुं तिचे उभे दोन भाग केले आणि एका भागाची दुचाकी बनविली. स्वार पाठीवर रेलून बसलेला, पाय पुढें, शरीर खालीं. अर्थात् वाऱ्याला सामोरी जाणारी छाती लहान झाली. १९३२ मध्यें त्यानें आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला लिहून विचारलें कीं, हें वाहन नियमांत बसतें काय. वारा टाळण्यासाठीं त्यावर कोणतेंहि वेगळें आच्छादन नसल्यामुळें हरकत नसल्याचें उत्तर आलें.

मग ७ जुलै १९३३ हा दिवस उगवला. फ्रान्सिस फोर हा कांहीं पहिल्या प्रतीचा सायकलपटु नव्हता. त्यानें पॅरिसमध्यें मोशेच्या दुचाकीवर बसून एका तासांत ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलें. ऑस्कर एग यानें १९१४ मध्यें केलेला ४४.२४७ किलोमीटरचा उच्चांक एकोणीस वर्षें अढळ होता. तो दुसऱ्या फळींतील स्वारानें मोडला! सायकलच्या जगांत खळबळ उडाली. पराक्रम माणसाचा कीं यंत्राचा, असा वाद पेटला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मोरिस रिशार यानें साध्या सायकलवर ४४.७७७ किलोमीटर अंतर कापलें. आतां दोहोंपैकीं खरा उच्चांक कोणता?

फेब्रुवारी १९३४ मध्यें संघटनेची सभा भरली आणि तिनें 'सायकल' या शब्दाची नवी व्याख्या केली. पायडलांची दांडी जमिनीपासून किती उंच असावी, बैठकीपासून किती अंतरावर असावी, हें सेंटिमीटरांत ठरविलें. मोशेची गाडी त्यांत बसेना. फोरचा उच्चांक मुख्य यादींतून निघून वेगळ्या सदरांत गेला. शर्यतींत उतरूं न शकणारी सायकल कोण घेणार? ज्या वर्षीं हा निर्णय झाला त्याच वर्षीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या आंतबाहेर, शार्ल मोशे मरण पावला.

संघटनेवर सरसकट दोष ठेवणें न्याय्य होणार नाहीं. शर्यत ही माणसामाणसांतील असावी, यंत्रायंत्रांतील नसावी, या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु परिणाम असा झाला कीं, खेळाच्या सोईसाठीं केलेल्या व्याख्येनें वाहनाच्या एका चांगल्या जातीची वाढ अनेक दशकें खुंटली. कायद्याची एक ओळ लोखंडाच्या सांगाड्यापेक्षां बळकट असते, हें यांतून दिसतें.

मुलगा मात्र स्वस्थ बसला नाहीं. जॉर्ज मोशेनें त्याच दुचाकीवर प्रवाहानुकूल कवच चढविलें, आणि ५ मार्च १९३९ रोजीं फोरनें एका तासांत ५०.५३७ किलोमीटर अंतर तोडलें. केवळ स्नायूंच्या बळावर तासांत पन्नासाची सीमा ओलांडली गेली. लवकरच युद्ध आलें, जर्मन ताब्यांतील फ्रान्समध्यें पेट्रोल दिसेनासें झालें, आणि मोशेच्या चारचाकी पायगाड्यांना एकाएकीं गिऱ्हाइकें मिळूं लागलीं. ज्या कल्पनेकडे सुबत्तेनें पाठ फिरविली, तिला टंचाईनें हांक मारली. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. कारण पुढील साऱ्या इतिहासांत तिची पुनरावृत्ति आहे.

आतां इंग्लंडकडे वळूं. तेथें १९२२ पासून 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली मोटार निघाली होती, आणि जुन्या झालेल्या या गाड्या स्वल्प किंमतींत मिळत. त्यामुळें ती हौशी कारागिरांची जणुं मुळाक्षरांची पाटीच झाली. अलेक इसिगोनिस या तरुण अभियंत्यानें आपला मित्र जॉर्ज डाउसन याच्यासह तिच्या भागांवरून शर्यतीची एक गाडी बांधावयास घेतली. यांत्रिक हत्यारांची जोड नसल्यामुळें बहुतेक काम हातानें करावें लागलें आणि गाडी पुरी व्हावयास १९३८ साल उजाडलें. तिला वेगळा लोखंडी सांगाडा नव्हता; प्लायवुडच्या दोन्ही अंगांस ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवून केलेल्या भिंतीच सर्व भार पेलीत. पोलादी स्प्रिंगांच्या जागीं त्यानें रबर वापरलें. तिचें नांवच 'लाइटवेट स्पेशल', म्हणजे हलकी खाशी गाडी. या माणसाची गांठ आपणांस पुन्हां पडणार आहे.

दहा वर्षांनीं, १९४८ मध्यें, कॉलिन चॅपमन या लंडन विद्यापीठांत शिकलेल्या तरुणानें हीच वाट धरली. तो जुन्या मोटारींचा किरकोळ व्यापार करी. पेट्रोलच्या नियंत्रणानें तो बुडाला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन गळ्यांत पडली. भावी वधूच्या आईबापांच्या घरामागील गराजांत त्यानें ती उकलली आणि प्लायवुड व ॲल्युमिनियमचें नवें अंग चढवून पुन्हां उभी केली. लोटस या पुढें जगप्रसिद्ध झालेल्या कंपनीची ती पहिली गाडी.

चॅपमनला वजनाची विद्या होती. वाऱ्याची विद्या त्याला फ्रँक कॉस्टिन याजकडून मिळाली. कॉस्टिन हा डी हॅविलंड विमान कंपनींतला जाणकार. १९५६ च्या 'लोटस इलेव्हन' गाडींत या दोन्ही विद्या एकत्र आल्या. तिच्या एंजिनाचा पूर्वज मोटारीचा नव्हताच. आगीच्या बंबाचा पंप चालविण्यासाठीं, माणसांना उचलून नेतां यावें म्हणून हलकें केलेलें तें यंत्र होतें! १९५७ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत केवळ साडेसातशें घनसेंटिमीटर आकाराचें एंजिन बसविलेल्या अशा गाडीनें, एंजिनाच्या आकाराच्या मानानें सर्वोत्तम कामगिरीचें पारितोषिक पटकाविलें.

याच काळांत आपल्या महाराष्ट्रांतहि असा एक प्रयत्न झाला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ मध्यें दोन माणसांची लहान मोटार स्वतः बांधली. त्यांच्या गाडींतहि स्प्रिंगांचें काम रबरावर सोंपविलेलें होतें. पुढें 'मीरा' या नांवानें ओळखल्या गेलेल्या या गाडींत ते अनेक वर्षें सुधारणा करीत राहिले. परंतु कारखान्यांतून घाऊक उत्पादन होण्याचा योग तिच्या नशिबीं आला नाहीं. बुद्धीला देशाची सीमा नसते. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर, जेथें भांडवल, परवाने आणि बाजार भेटावयाचे असतात.

ही पुढची पायरी कशी चढली जाते, याचें उदाहरण जर्मनींत फ्रिट्झ फेंड यानें घालून दिलें. हा विमानविद्येंत तयार झालेला अभियंता. दुसऱ्या युद्धानंतर जर्मनींत अपंग झालेल्या सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठीं फेंडनें रोझेनहाइम गांवीं आपल्या लहानशा कर्मशाळेंत प्रथम अंगबळावर चालणारी आणि मग १९४८ च्या सुमारास छोटें एंजिन बसविलेली तीनचाकी गाडी केली. मागणी धडधाकट लोकांकडूनहि येऊं लागली. तेव्हां तो विमानांचे सुप्रसिद्ध कारखानदार विली मेसरश्मिट यांजकडे गेला. त्यांना विमानें बांधण्यास पुन्हां बंदी होती आणि रेगेन्सबुर्ग येथील कारखान्याला काम हवें होतें. १९५३ मध्यें तेथून दोन माणसांची तीनचाकी निघाली, आणि १९५५ मध्यें तिची सुधारलेली आवृत्ति 'के आर २००'.

या गाडीची मांडणी पाहण्यासारखी आहे. दोन माणसें शेजारीं बसविलीं कीं गाडी रुंद होते, आणि रुंदी म्हणजे वाऱ्यापुढें उघडलेली छत्री. फेंडनें दुसऱ्या माणसाला पहिल्याच्या मागें बसविलें. डोक्यावर पारदर्शक घुमट, पुढें दोन चाकें, मागें निमुळतें होत गेलेलें अंग आणि शेवटीं एक चाक. वजन सुमारे २३० किलो, एंजिन १९१ घनसेंटिमीटरचें, शक्ति अवघी दहा अश्वांची. आणि तरी वेग ताशीं ९० किलोमीटर! उलट जावयाचें असल्यास एंजिन बंद करून उलट्या दिशेनें सुरू करावयाचें. युद्धांतील लढाऊ विमानांचे उरलेले घुमट यावर बसविले, अशी दंतकथा आहे. ती खरी नाहीं, घुमट नवेच केलेले होते. विमानांतून या गाडींत आला तो विचार. टाकाऊ माल नव्हे. ऑगस्ट १९५५ मध्यें हॉकेनहाइम येथें याच जातीच्या, शर्यतीसाठीं फेरफार केलेल्या गाडीनें चोवीस तास धांवून ताशीं १०३ किलोमीटरची सरासरी राखली.

१९५६ मध्यें सुएझचा पेंच उभा राहिला. युरोपांत पेट्रोलची टंचाई झाली, ब्रिटनमध्यें शिधावांटप सुरू झालें आणि असल्या बुडबुड्यासारख्या छोट्या गाड्या रस्त्यांवर दिसूं लागल्या. ब्रिटिश मोटार कंपनीच्या प्रमुखास त्या मुळींच रुचल्या नाहींत. त्यांना हुसकून लावील अशी लहान पण खरीखुरी मोटार त्यानें आपल्या अभियंत्याकडून मागितली. तो अभियंता म्हणजे अलेक इसिगोनिस! १९५९ मध्यें त्याची 'मिनी' बाहेर पडली. तींत चार माणसें बसत, आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागीं होते रबराचे शंकु. गराजांतील त्या हलक्या गाडीपासून चालत आलेला विचार लक्षावधि कुटुंबांच्या दारीं पोंचला. परंतु त्याच मिनीनें आणि वाढत्या सुबत्तेनें फेंडच्या गाडीचें गिऱ्हाईक नेलें. १९६४ मध्यें ती बंद पडली. वजनाची विद्या घराघरांत गेली. वाऱ्याची विद्या मागें राहिली.

येथें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. हलकी गाडी जड गाडीवर आदळली तर मार हलकीला अधिक बसतो. हा निसर्गनियम आहे. तीन चाकांची गाडी वळणावर जपून न्यावी लागते, आणि हलक्या गाडीला आडवा वाराहि अधिक झोंबतो. फेंडची दुसरी आकृति पाहावयाची असेल तर २००२ सालाकडे या. फोल्क्सवागेन कंपनीनें शंभर किलोमीटरला एक लिटरहून कमी इंधन घेणारी गाडी दाखविली. दोन माणसें एकामागें एक, वर पारदर्शक घुमट, वजन २९० किलो, रोधांक ०.१५९. १९५५ ची कल्पनाच जणुं नव्या धातूंनीं आणि तंतूंनीं सजून आली. पण २०१३ मध्यें तीच कल्पना विक्रीसाठीं आली तेव्हां आसनें पुन्हां जवळजवळ शेजारीं गेलीं, विजेची मोटर व बॅटरी आंत आली, संरक्षणाची तरतूद वाढली आणि वजन ७९५ किलो झालें. अडीचशेंच गाड्या बांधून तें प्रकरण आटोपलें. वजन असेंच परत येतें. प्रत्येक किलोजवळ स्वतःचें एक सबळ कारण असतें.

ज्यांना बाजाराची चिंता नाहीं ते मात्र फार पुढें गेले. १९३९ मध्यें अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील वुड रिव्हर येथें शेल कंपनीच्या प्रयोगशाळेंतील मित्रांनीं एक पैज लावली : एका गॅलनांत कोणाची गाडी अधिक दूर जाते? जिंकणारी गाडी पन्नास मैलांच्या जवळ गेली. त्या पैजेंतून पुढें विद्यार्थ्यांच्या स्पर्धा निघाल्या. २००५ मध्यें झुरिकच्या तंत्रविद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं बांधलेल्या सुमारे ३० किलो वजनाच्या गाडीनें, हायड्रोजनचा हिशेब पेट्रोलांत केला असतां, एका लिटरांत ५,३८५ किलोमीटर अंतर जाण्याइतकी काटकसर साधली. तींत आडवें पडून बसावें लागतें आणि ती मंदगतीनेंच जाते, हें खरें. बाजारांत जाण्यासाठीं कोणी ती वापरणार नाहीं. परंतु निसर्गाची मूळ मागणी किती थोडी आहे, आणि उरलेलें सारें आपल्या संवयींचें देणें आहे, हें ती स्पष्ट दाखविते.

आज एका माणसाला कार्यालयांत नेण्यासाठीं दीड टन लोखंड हालविण्यांत कोणाला नवल वाटत नाहीं. तेलाऐवजीं वीज आली तरी हा हिशेब बदललेला नाहीं. उलट बॅटरी जड असल्यामुळें तो अधिकच निकडीचा झाला आहे. एका भारणींत गाडी किती दूर जाईल, हें अखेर वजनावर आणि वाऱ्यावरच ठरतें. मोशेला नियमानें अडविलें, फेंडला सुबत्तेनें मागें टाकलें. पण त्यांनीं सोडविलेलें गणित चुकीचें कोणीं ठरविलें नाहीं. टंचाई आली कीं जग त्यांच्या दाराशीं जातें आणि टंचाई सरली कीं त्यांना विसरतें. टंचाईची वाट न पाहतां तें गणित हातीं घेणें, हें शहाणपणाचें होईल. शाळकरी मुलांना रिकाम्या वेळीं चार चाकें, थोडें प्लायवुड आणि एक वजनकांटा मिळाला, तर त्याचा आरंभ आपल्या अंगणांतूनहि होऊं शकेल.